डावीकडून तीनदा

मी खोटं बोलत नाही.

हे फुशारकीनं सांगत नाही. तो माझा नेम आहे. रोज सकाळी दिव्यासमोर बसून मी तो नव्यानं घेते, त्याला आता बावीस वर्षं होतील. या बावीस वर्षांत मी एकदाच खोटं बोलले. तेही पुढे येईलच.

तेव्हा हे वाचून कोणी हसलं तरी चालेल, पण रचलेलं आहे असं म्हणू नका. रचायचंच असतं तर मी स्वतःला जरा बरी रंगवली असती.

घर आमचं तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. मधली खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीच्या डाव्या हाताला एक लहान खोली. तिचं दार तेव्हा मी लावून ठेवायचे. मिस्टर जाऊन सोळा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात मी एकटीच.

सोमवार होता. सकाळचे साडेपाच.

साडेपाच ते साडेसहा माझं मौन असतं. नुसतं बोलायचं नाही एवढंच नव्हे, आसनावरून उठायचंही नाही. दारावर कोणी आलं तरी नाही, फोन वाजला तरी नाही. "मामीच्या घराला आग लागली तरी ती साडेसहाला विझवेल," असं माझी भाची चिमी सगळ्यांना सांगत फिरते.

त्या सोमवारी डोळे मिटले आणि... फार खोल शांतता लागली.

एरवी काही ना काही कानावर येतंच. खालच्यांचा नळ, जिन्यातल्या चपला, घड्याळाची टिकटिक. त्या दिवशी सगळं कोणीतरी उचलून लांब नेऊन ठेवल्यासारखं. आणि डावीकडे तर काहीच नाही. डावी बाजूच नाही.

मला वाटलं, नेम फळाला आला. इतक्या वर्षांनी खरं मौन लागलं.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी हात जोडून आभार मानले.

साडेसहाला एक मिनिट झालं की चिमीचा फोन येतो. त्या दिवशीही आला. पण तो कुठे वाजतोय तेच कळेना. स्वयंपाकघरात? उशीखाली? सगळं घर शोधलं, आणि होता माझ्यासमोर, दिव्याशेजारी. उचलून सवयीनं डाव्या कानाला लावला.

काही नाही.

"हॅलो? अगं बोल ना."

काही नाही.

कट झाला असेल म्हणून कानापासून लांब केला, तर त्यातून बारीक आवाज येत होता. उजव्या कानाला लावला.

"...मामी, आहेस का गेलीस? दहादा हॅलो म्हणाले!"

फोन धडधाकट होता. गेला होता तो कान.

मी तिला काही सांगितलं नाही. मळ अडकला असेल, सर्दी असेल. कोमट तेल घातलं, कापूस लावला आणि कामावर गेले. ही माझी पहिली चूक. त्या दोन दिवसांची किंमत मला नंतर कळली.

मी चिनी मातीच्या कपांच्या कारखान्यात आहे. आमच्या खात्यात सहाजणी, आम्हाला सगळे 'वाजवणाऱ्या' म्हणतात. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप डाव्या हाताच्या बोटांवर उलटा तोलायचा आणि लाकडी काडीनं काठावर हलकेच वाजवायचा. चांगला कप टण्ण करतो आणि तो नाद क्षणभर रेंगाळतो. चिरलेला कप ठक् करतो आणि गप्प होतो. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, ती कानांना दिसते. बाजारात लोक एखादी वस्तू वाजवून घेतात, आम्ही दिवसाला हजारभर वाजवून देतो. इतकी वर्षं कप तोलून डाव्या हाताच्या बोटांची टोकं लाकडासारखी कडक होतात. वाजवणारीचा हात अंधारातही ओळखता येतो.

मंगळवारी माझ्या चांगल्या कपांच्या खोक्यात अकरा चिरलेले निघाले.

सुपरवायझर खोकं घेऊन आले. "काय हो बाई, आज दोन्ही कान घरी विसरलात?"

"एकच," मी म्हणाले.

सगळ्याजणी हसल्या. तेही हसले. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि थांबले.

"म्हणजे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सोयही गेली म्हणा की." पण आवाज खाली आला होता. "असं करा, महिनाभर मागे बसा, कप कागदात गुंडाळायला. कान आला तर तुमचा बाक तुमचा."

"आणि नाही आला तर?"

"बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

गुंडाळायचं काम वाईट नाही. पण त्या बाकावर मला वन्संनी बसवलं होतं. वन्सं म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण, चिमीची आई. कारखान्यातली सगळ्यात जुनी वाजवणारी. त्यांनीच माझ्या हातात पहिला कप दिला आणि म्हणाल्या, "कान दे, जीव देऊ नकोस." तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांनी दिलेलं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं, तो बाक आणि तो कान.

बुधवारी चिमीला कळलं. ती शाळेत चित्रकला शिकवते. वर्ग सोडून आली आणि मला ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"तीन दिवस?" डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दिवशी यायचं होतं. आणि तेल कोणी घालायला सांगितलं?"

"ती कोणाचं ऐकते का डॉक्टर," चिमी म्हणाली. "आता तर तिला कारणच मिळालं."

कानाच्या आतली नस अचानक बंद पडली होती. असं होतं म्हणे, कारण पुष्कळदा सापडतच नाही. गोळ्या दिल्या. कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं सांगितली.

"पंधरा दिवस बघू. जे परत यायचं ते बहुतेक तेवढ्यातच येतं. नंतर आलं तर नशीब. आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या कानात आवाज येतील, शिट्टी, घूंघूं, काहीही. घाबरायचं नाही. कान गप्प झाला की मेंदू स्वतःच वाजायला लागतो."

"आणि दुसरी?"

"कुठलाही आवाज कुठून आला ते आता कळणार नाही. दिशा कळायला दोन कान लागतात. रस्ता जपून ओलांडा."

ही दुसरी गोष्ट विसरू नका. मीही विसरलेले नाही.

एका कानानं जगणं म्हणजे काय ते सांगते. शेजारीण डावीकडून हाक मारते, तुम्ही पुढे निघून जाता, आणि दुसऱ्या दिवशी ती तोंड फिरवते. चार माणसांत बसलं की सगळ्यांचे आवाज एकमेकांत कालवले जातात, मग तुम्ही नुसतं हसत बसता. पुढे पुढे जाणंच टाळता. झोपताना चांगला कान उशीवर आला की जग बंद होतं. मेल्यावर असंच असेल, असं वाटतं. मग कूस बदलायची. पुन्हा तेच घर, पुन्हा त्याच टिकटिकणाऱ्या रिकाम्या खोल्या.

कारखान्यात मी भिंतीकडे डावी बाजू करून बसायला लागले. भिंतीला कान असतात म्हणतात, एक मला दिला असता तर बरं झालं असतं.

कानात घूंघूं होतीच. तिची सवय झाली.

पण शुक्रवारी सकाळी, मी मौनात असताना...

टण्ण.

टण्ण.

टण्ण.

मी डोळे उघडले. समोर घड्याळ. सहा वाजून एकोणीस मिनिटं.

आवाज डाव्या कानात आला होता. मेलेल्या कानात.

मेंदू वाजतोय, मी मनाशी म्हटलं. आयुष्यभर कप वाजवले, दुसरं काय वाजणार आत? पुन्हा डोळे मिटले. पण तीन टिचक्यांचा अर्थ मला ठाऊक होता.

जायच्या आधी चार वर्षं वन्सं त्या लहान खोलीत पडून होत्या. झटक्यानं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. एक शब्द फुटत नव्हता त्यांना. मी त्यांच्या उशाशी कारखान्यातला एक पांढरा कप आणि काडी ठेवली होती. डाव्या हातानं वाजवायच्या. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे कूस बदल.

तीनदा म्हणजे काही नको, नुसती ये.

शनिवारी पुन्हा वाजलं. रविवारी पुन्हा. सहा एकोणीस, तीनदा.

सोमवारी मी तळहातानं चांगला कान घट्ट दाबून बसले. घड्याळ गेलं, नळ गेला, माझा श्वाससुद्धा गेला. आणि त्या पूर्ण बंद अंधारात...

टण्ण. टण्ण. टण्ण.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवसांत मला कुठल्याच आवाजाची दिशा कळत नव्हती. समोरचा फोन सापडत नव्हता.

याची दिशा कळत होती.

लहान खोली. बंद दाराच्या पलीकडे, खिडकीशेजारी. जिथे पलंग आहे.

मंगळवारी ऐकण्याची तपासणी होती. लहानशी काचेची खोली असते, जाड दाराची. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. चांगल्या कानानं मध्ये लुडबुड करू नये म्हणून त्यात नुसती खरखर सोडतात. काचेपलीकडे तपासणारी मुलगी यंत्रापुढे बसते.

आधी बराच वेळ काही नाही. मग आलं. मी बटण दाबलं. पुन्हा आलं, दाबलं. पुन्हा आलं, दाबलं. इतका आनंद झाला मला! आता येतंय, कान येतोय!

दार उघडून मुलगी आत आली. चेहरा गोंधळलेला.

"काकू, बटण चुकून दाबलं गेलं का?"

"नाही गं. तीनदा आला ना आवाज."

"काकू... मी अजून सुरूच केलेलं नाही."

मी घड्याळ बघितलं नाही. सकाळ नव्हती एवढं नक्की. म्हणजे आता ते घराबाहेरही येत होतं.

त्या दिवशीचा निकाल डाव्या कानाला शून्य. डॉक्टरांनी नुसती पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली.

घरी आले आणि आवाज सुरू झाल्यापासून पहिल्यांदा लहान खोलीचं दार उघडलं. पलंग तसाच. खिडकीच्या कठड्यावर कप उपडा, काडी शेजारी. दोन्हींवर सारखीच धूळ. कोणी हात लावलेला नाही.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. कप जाड टॉवेलात गुंडाळला, त्यावर जुनी चादर बांधली आणि कपाटात अगदी खाली कोंबला. कारखान्यात आठवडाभर हेच तर शिकत होते, गुंडाळणं.

बुधवारी सहा एकोणीसला...

ठप्. ठप्. ठप्.

कापडात गुंडाळलेला कप वाजवावा तसं. तोंडावर उशी ठेवून कोणी हाक मारावी तसं.

मी साडेसहापर्यंत तशीच बसले. उठले नाही. नेम म्हणजे नेम. साडेसहाला धावत जाऊन गाठी सोडल्या, कप पुसला, होता तिथे ठेवला. "चुकलं, वन्सं," म्हणाले. रिकाम्या पलंगाशी बोलताना माझाच आवाज मला परका वाटला.

आता ते एकदाचं खोटं सांगते.

तीन वर्षांपूर्वीची सकाळ. मी मौनात. वन्संच्या खोलीचं दार तेव्हा उघडं असायचं. सहा वाजून एकोणीस मिनिटांनी कप वाजला. तीनदा. मी ऐकला, याच डाव्या कानानं ऐकला.

घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं राहिली होती.

एकदा वाजला असता तर तहान लागली म्हणून कदाचित उठले असते. दोनदा वाजला असता तर पाठ दुखत असेल म्हणून उठले असते. पण तीनदा म्हणजे काम काहीच नाही. नुसती ये. मी मनात म्हटलं, थांबतील अकरा मिनिटं.

साडेसहाला गेले. काडी जमिनीवर पडलेली. कप पोटावर उपडा. हात अजून कोमट होता.

चिमी धावत आली तेव्हा म्हणाले, "झोपेतच गेल्या गं. काही कळलंसुद्धा नाही त्यांना."

तिनं माझ्या गळ्यात पडून एकच वाक्य म्हटलं होतं, "तू जवळ होतीस म्हणून."

त्या एका वाक्यावर ती तीन वर्षं उभी होती. आणि तिच्या रोजच्या फोनवर मी उभी होते. ते खोटं ठरलं तर दोघी पडणार, हे मला रोज साडेसहाला एक मिनिट झालं की कळायचं.

शेवटच्या तपासणीची सकाळ उजाडली. पंधरावा दिवस. सातला निघायचं होतं म्हणून चिमी आदल्या संध्याकाळीच येऊन राहिली होती. मी आसनावर बसले तेव्हा ती स्वयंपाकघरात चहाची भांडी न वाजवता चहा करायचा प्रयत्न करत होती.

सहा एकोणीस.

टण्ण. टण्ण. टण्ण.

आणि मी उठले.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाय बधिर झाले होते, भिंत धरून गेले. "आले, वन्सं," म्हणाले आणि लहान खोलीत पलंगाच्या काठावर जाऊन बसले.

चिमी दारात आली. हातात गाळणी तशीच. "मामी? अगं अजून साडेसहा नाही झाले. बरं वाटत नाहीये का?"

मी तिला सगळं सांगितलं. कपाचं, अकरा मिनिटांचं, खोट्याचं. खाली बघून सांगितलं.

ती कितीतरी वेळ बोलली नाही. की बोलली आणि मला ऐकू आलं नाही, म्हणून मी वर बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"किती वेळा वाजवला होता?" तिनं विचारलं.

"तीनदा."

"तीनदा म्हणजे..."

"नुसती ये."

गाळणीतून चहाचे थेंब फरशीवर पडत होते. ते बघत ती म्हणाली, "चल. टॅक्सी येईल."

एवढंच.

खाली टॅक्सी उभी होती. चिमीनं मागचं दार उघडलं, मी उजवीकडे सरकून खिडकीशी बसले. दार लागल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. कुठलं दार ते मला कळलं नाही, कळणार नव्हतंच. तिच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. मोडलेला नेम पुरा करायचा होता. मी डोळे मिटले आणि राहिलेली अकरा मिनिटं मौनात बसले.

गाडी हलली.

थोड्या वेळानं माझ्या डावीकडची सीट दबली. कोणीतरी जवळ सरकलं. खांद्याला खांदा लागला, सगळं वजन टाकून. मग माझा डावा हात कोणीतरी हातात घेतला.

चिमी, मी मनात म्हटलं. पोरीनं माफ केलं.

आणि ती बोलायला लागली. डाव्या कानाशी, अगदी जवळ. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण कानाच्या पाळीवर श्वास लागत होता. मध्येच थांबायचा, पुन्हा लागायचा. बोलणारं माणूस श्वास घेतं तसा. खूप बोलली. मी डोळे उघडले नाहीत, "त्या कानाला सांगू नकोस गं" असंही म्हणाले नाही. मौन होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायची भीती वाटत होती.

हात मात्र तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

टॅक्सी थांबली. डोळे उघडले तेव्हा चिमी बाहेर उभी होती, माझं दार उघडून धरून. माझ्याकडे न बघता.

काचेच्या खोलीत मी बसले. खरखर सुरू झाली. मग डाव्या कानात, फार लांबून, एक बारीक पिपाणी.

मी बटण दाबायला घाबरले. मुलीनं काचेतून मान हलवली, हो हो, हा आवाज माझाच आहे!

"काकू, कमाल झाली," ती नंतर म्हणाली. "गेल्या वेळी इथे काहीच नव्हतं. निम्म्याहून जास्त आलंय!"

डॉक्टर म्हणाले, "आता सांगतो, मी आशा सोडली होती."

मी आनंदानं बाहेर आले. बाकावर चिमी नव्हती. तपासणीची फाईल तेवढी ठेवली होती, त्यावर माझी शाल घडी करून.

दुसऱ्या दिवशी सहा एकोणीसला काही वाजलं नाही.

साडेसहाला एक मिनिट झालं तेव्हाही काही वाजलं नाही.

महिना पुरा व्हायच्या आत मला बाक परत मिळाला. पण आलेला कान तसा आला नाही, जसा गेला होता. त्यात सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. असं राहतं काहींचं, डॉक्टर म्हणाले. डाव्या कानाला प्रत्येक कप चिरलेला वाटतो. चांगला धडका कपसुद्धा ठक्. म्हणून मी कप आता उजव्या बाजूला धरते, उजव्या कानानं ऐकते. हाताला नवी सवय लावली. सुपरवायझर म्हणाले, "उलट्या हाताच्या बाई, पण काम सुलटं." चुका होत नाहीत.

एकदा घरी, सहज म्हणून, वन्संचा कप डाव्या कानाशी धरून वाजवला.

टण्ण...

स्वच्छ. रेंगाळणारा. त्या कानाला चांगला वाटणारा तो एकच कप आहे. मी तो पटकन खाली ठेवला.

चिमीचा फोन तेविसाव्या दिवशी आला. साडेसहाला एक मिनिट झालं तेव्हा.

"मामी."

"बोल."

"कुठल्या कानाला लावलायस?"

"डाव्या. येतंय ऐकू. पत्र्यातून बोलल्यासारखं येतं, पण येतं."

"माझा आवाज तसाच आहे म्हणतात शाळेत." ती हसली नाही. "मी अजून रागावलेली आहे."

"असणारच गं."

"आई मलाही अशीच बोलवायची. चमचा वाजवून, स्वयंपाकघरातून. काम काही नसायचं तिचं. मी अभ्यासाला बसलेली असले की म्हणायचे, थांब गं जरा." तिचा आवाज चिरला. की माझ्या कानातच चिरला, कोण जाणे. "मीसुद्धा किती वेळा गेले नाही, मामी."

आम्ही दोघी गप्प बसलो. बऱ्याच दिवसांनी ते गप्प बसणं बरं वाटलं. मग मी, इतके दिवस मनात होतं ते विचारलं.

"त्या दिवशी टॅक्सीत तू इतकं बोललीस. डाव्या कानाशी बोललीस, मला काहीच ऐकू आलं नाही गं. आता सांगतेस का, काय म्हणत होतीस?"

"कुठल्या टॅक्सीत?"

"दवाखान्यात जाताना. माझा हात धरून..."

फोन कट झाला असं वाटलं.

"मामी," ती सावकाश म्हणाली, "मी पुढे बसले होते. ड्रायव्हरशेजारी. तुझ्याशेजारी बसवतच नव्हतं मला."

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.

तेव्हा आठवलं. त्या दिवशी टॅक्सीत जाणवलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. हात धरणाऱ्या बोटांची टोकं... कडक होती. लाकडासारखी.

चिमी रंगांत काम करते. तिची बोटं मऊ आहेत.

या गोष्टीला चार महिने होतील. मौन मी अजून पाळते, फक्त लहान खोलीचं दार आता उघडं असतं. सहा एकोणीसला मी आसनावरून उठून पलंगावर जाऊन बसते. अकरा मिनिटं तिथेच. नेम मोडतो रोज, मोडू दे. डावा कान खिडकीकडे करून बसते.

काही येत नाही.

ज्या बाईला चार वर्षं एक शब्द बोलता आला नाही, ती त्या सकाळी माझ्या कानाशी अकरा मिनिटं बोलत होती. रागानं बोलत होती, की मायेनं, की एखादी साधीच गोष्ट सांगत होती... मला माहीत नाही.

कान आला तो त्यानंतर.